बोध विचारू नका

शाळेत फिल्म क्लब सुरू झाला की सर्वांत आधी छापली जाते ती प्रश्नपत्रिका. ‘या चित्रपटातून तुम्हांला कोणता बोध मिळाला?’ आणि खाली पाच रिकाम्या ओळी. चित्रपट कोणता, हे पुष्कळदा नंतर ठरते. बडोद्यातल्या एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांचा असा क्लब मी काही वर्षे चालवते आहे, आणि माझे भांडण या पाच ओळींशी आहे. दुसरे भांडण डबिंगशी. दोन्हींचे मूळ एकच: जे परके आहे, लगेच उलगडत नाही, ते मुलांना झेपणार नाही ही मोठ्यांची समजूत.

अब्बास कियारोस्तमी यांचा १९८७चा ‘मित्राचे घर कुठे आहे?’ हा इराणी चित्रपट घ्या. कोकेर गावचा लहानगा अहमद शेजारी बसणाऱ्या मुलाची वही चुकून घरी आणतो. त्या मुलाने पुन्हा गृहपाठ वहीत केला नाही तर मास्तर त्याला शाळेतून काढणार आहेत. आई म्हणते, आधी अभ्यास कर, मग पाव घेऊन ये. अहमद आईचा डोळा चुकवून टेकडीपलीकडच्या पोश्ते गावाला पळतो. घर सापडत नाही. शेवटी तो मित्राचा गृहपाठ स्वतःच लिहून टाकतो आणि मास्तरांना त्याचा पत्ताही लागत नाही. आता लिहा बोध. आईचे ऐकू नये? मास्तरांना फसवावे? मुले अर्थातच ‘मित्राला मदत करावी’ असे लिहितात. शाळेला कोणते उत्तर हवे असते, हे त्यांना पहिलीपासून ठाऊक आहे.

या उत्तरात चित्रपटातले आजोबा मात्र हरवतात. अहमदचे आजोबा त्याला घरून सिगारेटी आणायला पिटाळतात. सिगारेटी त्यांच्या खिशातच असतात. पोराला एकदा सांगितलेले ऐकण्याची सवय लागावी, एवढाच हेतू. मग ते शेजारच्या माणसाला सांगतात, की त्यांचे वडील त्यांना दर आठवड्याला एक नाणे देत आणि दर पंधरवड्याला मार. नाणे कधी विसरत, मार कधीच नाही. हे ते कौतुकाने सांगतात! प्रश्नपत्रिका नसली की मुले नेमकी इथे अडतात. “म्हणजे आजोबाच खोटं बोलले ना?” असे आमच्या वर्गात एका मुलीने विचारले, आणि पुढचा अर्धा तास मला तोंड उघडावे लागले नाही. आज्ञाधारकपणा म्हणजे काय, यावर इतके मोकळे बोलणे त्या इमारतीत एरवी कुठल्या तासाला होते?

आता डबिंग. शाळेचा आक्षेप असा, की मुलांना सबटायटल्स वाचता येत नाहीत, तेव्हा हिंदीत मिळेल तेच लावा. आक्षेप अगदीच पोकळ नाही. दोन ओळींचे सबटायटल पाच-सहा सेकंदांत जाते, आणि ते इंग्रजीत असेल तर सहावीतल्या मुलाची दमछाक होते. पण मग ते मुलांच्या भाषेत करा. पडद्यावरची अक्षरे हा वाचनाचा सरावच असतो. अहमदाबादच्या आयआयएममधून ब्रिज कोठारी यांनी १९९६पासून हेच मांडले, की गाणे ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द दूरदर्शनवर खाली उमटवावेत, लोक वाचत जातील. जी गोष्ट चित्रहारला चालते ती शाळेला का चालू नये?

डबिंग काय हिरावून घेते ते ऐका. या चित्रपटाचे मूळ नाव ‘खाने-ये दोस्त कोजास्त’. दोस्त मुलांच्या तोंडातलाच. खाना दवाखान्यातून आणि कारखान्यातून ओळखीचा. आणि अहमद गावभर जी घेऊन फिरतो त्या वहीला फारसीत म्हणतात दफ्तर. हा शब्द कानावर पडताच वर्गातली मराठी आणि गुजराती मुले एकदमच आपापल्या पाठीवरच्या ओझ्याकडे बघतात. हिंदी आवाजात ‘कॉपी’ असे ऐकू आले असते, आणि इराण हा कोणता तरी लांबचा देश राहिला असता.

आम्ही एक प्रसंग थांबवतो, इंग्रजी सबटायटल्स गटागटांत वाटतो आणि ज्याला जी भाषा हवी तीत ती लिहायला सांगतो. (‘उपशीर्षके’ हा शब्द मुलांनी पहिल्याच दिवशी नाकारला, आणि मला ते पटले.) इंग्रजीतला ‘यू’ आला की भांडण जुंपते. अहमद आईला ‘तू’ म्हणेल, पण आजोबांना? रात्री पोश्तेच्या गल्ल्यांतून त्याला सोबत करणारा, दारे-खिडक्या बनवणारा तो म्हातारा सुतार, त्याला काय हाक मारायची? गुजराती मुलांनी लिहिले ‘दादा’. मराठी मुले हसली, कारण त्यांच्या घरी दादा म्हणजे थोरला भाऊ. शेवटी मराठीत ‘आजोबा’ झाले आणि गुजरातीत ‘दादा’च राहिले. २०२०च्या शैक्षणिक धोरणातल्या बहुभाषिकतेवर शाळा भित्तिपत्रके लावतात. ती बहुभाषिकता त्या दुपारी एका शब्दावरून हमरीतुमरीवर आली होती.

मराठी चित्रपट लावला म्हणजे परकेपणाचा प्रश्न सुटला, असेही नाही. नागराज मंजुळे यांच्या २०१३च्या ‘फँड्री’चे नावच कैकाडी भाषेतले. त्याचा अर्थ डुक्कर, हे बहुतेक मराठी प्रेक्षकांना कोणीतरी सांगावे लागले. शाळेच्या अगदी जवळ जब्याचे कुटुंब डुकरे पकडत असताना राष्ट्रगीत सुरू होते, सगळे जागच्या जागी थिजतात आणि डुक्कर निसटते. या चित्रपटाचे नाव काढले की शाळांना त्यातल्या शिव्या आठवतात. त्या शिव्या मुलांनी शाळेच्या आवारातच ऐकलेल्या असतात, काहींनी स्वतःला उद्देशून. त्यांच्यासमोर पाच ओळी ठेवून ‘जातिभेद करू नये’ एवढे लिहून घेणे, हा मला त्या शिवीचाच सभ्य शेजारी वाटतो.

सरकारकडून फार आशा नाही. १९५५ साली मुलांच्या चित्रपटांसाठी उभी राहिलेली बाल चित्र समिती २०२२मध्ये एनएफडीसीत विलीन झाली. तिचे स्वतंत्र घर गेले. उरते शाळेचे सभागृह, प्रोजेक्टर आणि शनिवारची दुपार. वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी: कियारोस्तमींचा चित्रपट दीड तासाहूनही कमी आहे, दोन शनिवारी सहज बसतो.

राहिला मुख्याध्यापकांचा हुकमी एक्का, कॉपीराइट. १९५७च्या कायद्याचे कलम ५२ त्यांनी एकदा काढून पाहावे. शैक्षणिक संस्थेच्या कामाचा भाग म्हणून, विद्यार्थी, शिक्षक आणि संस्थेशी संबंधित माणसे एवढ्यांपुरताच प्रेक्षकवर्ग असेल तर चित्रपट दाखवायला त्यात मोकळीक आहे. त्याच यादीत पालकही आहेत. त्यांनाही बोलवा, आणि प्रश्नपत्रिका त्यांनाही देऊ नका.