काय वाचायचे ते वाचकाने ठरवावे

वाचनालयातून अमुक पुस्तक काढून टाका, अशी मागणी उद्या आपल्या हळर्ण गावातही होऊ शकते. तेव्हा गडबडून जाण्यापेक्षा आपली भूमिका आजच ठरलेली बरी. म्हणून हे मुद्दे.

1. पोथ्या गमावल्याचा इतिहास गोव्याचाच आहे. इथल्या कृष्णदास शामाने 1526 मध्ये कृष्णचरित्रकथा रचायला घेतली. पुढे जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागात, देवळांबरोबर पोथ्याही गेल्या. आज ते जुने लेखन शोधायला पोर्तुगालमधल्या ब्रागाचे ग्रंथालय गाठावे लागते. आपला पेडणे महाल मात्र पोर्तुगिजांकडे कायमचा गेला तो 1788 मध्ये. तोवर इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, जोर ओसरला होता. आपल्याकडची पोथीपुराणे वाचली, त्यामागे हेही कारण आहे.

2. सेन्सॉरशाहीला मर्यादा राहत नाही. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत वर्तमानपत्रच काय, साधी लग्नपत्रिकाही छापण्याआधी सरकारी नजरेखालून जायची. आधी राजकारण, मग घरातले कार्य, असा हा हात लांबत जातो.

3. बंदी न घालताही पुस्तक दाबता येते. विष्णू सूर्या वाघ यांचा ‘सुदिरसूक्त’ हा जातिव्यवस्थेवर तुटून पडणारा कोकणी कवितासंग्रह. 2017 मध्ये पुरस्कारासाठी त्याची निवड झाल्याची बातमी फुटली, वाद पेटला आणि कोकणी अकादमीचे पुरस्कारच रद्द झाले. पाठोपाठ अश्लीलतेच्या तक्रारीवरून कवी आणि प्रकाशिका हेमा नायक यांच्यावर गुन्हा नोंद झाला. वाघ तेव्हा गंभीर आजारी होते, स्वतःची बाजू मांडण्याच्या स्थितीतही नव्हते. कविता पटत नसेल तर तिच्यावर कडाडून टीका करावी. पोलीस ठाणे ही समीक्षेची जागा नव्हे.

4. आक्षेपाला कायद्याची वाट आहे. संविधानाच्या कलम 19 ने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले, त्यावरचे वाजवी निर्बंधही सांगितले. पुस्तक जप्त करायचे तर सरकारला कारणे द्यावी लागतात आणि त्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरची बंदी उच्च न्यायालयाने 2007 मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये तो निकाल कायम ठेवला. पण त्याआधीच, जानेवारी 2004 मध्ये, याच पुस्तकाच्या रागातून पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला होता. नासधूस झाली ती आपल्याच ग्रंथसंपदेची.

5. मुलांची काळजी रास्त आहे. आपल्या मुलाने काय वाचावे हे आईवडिलांनी जरूर पाहावे. मात्र शेजाऱ्याच्या मुलाने काय वाचावे, हे त्यांनी ठरवू नये.

6. फटका खेड्याला अधिक बसतो. पणजीतल्या वाचकाला एका ठिकाणी पुस्तक मिळाले नाही तर पुस्तकांची दुकाने आहेत, राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. आमच्या गावातून बसने पेडण्याला जाणाऱ्या मुलीला तालुका वाचनालयाच्या कपाटात पुस्तक दिसले नाही, तर तिच्यापुरते ते पुस्तक छापलेच गेले नाही.

7. म्हणून ग्रामसभेने ठराव घ्यावा. आक्षेप लेखी असावा. आक्षेप घेणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचलेले असावे. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहावे. निर्णय कारणांसह फलकावर लागावा. आणि जमाव आलाच, तर ग्रंथपालाला एकटे न सोडता पंच, शिक्षक, पालक यांनी त्याच्या बाजूने उभे राहावे.