पोटगीचा हुकूम आणि सातबारा

किनवट तालुक्यातील इस्लापूर हे गाव नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला आहे. पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा पाहण्यासाठी नांदेडचे सुशिक्षित लोक पावसाळ्यात तेथवर जातात आणि संध्याकाळी परततात. त्या परिसरातील एखाद्या टाकलेल्या बाईला मात्र याच रस्त्याने उलट दिशेने, पदरात लहान मूल घेऊन, कोर्टाच्या तारखेसाठी यावे लागते, हे त्यांच्या गावीही नसते. न्यायदानाच्या व्यवस्थेची परीक्षा मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या दगडी कमानींखाली होत नाही. ती अशा टोकाच्या गावी होते. नवऱ्यापासून दुरावलेल्या स्त्रीच्या चरितार्थाचा प्रश्न या परीक्षेला लावला, तर कायद्याच्या पुस्तकाला चांगले गुण द्यावे लागतील आणि त्याच्या अंमलाला नापास करावे लागेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुस्तक खरोखरच दरिद्री नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २४ व्या कलमाने दावा चालू असतानाचा खर्च आणि पोटगी मागता येते. २५ व्या कलमाने कायमची पोटगी मिळते. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचा आधार निराळा, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने राहत्या घराचा हक्क व आर्थिक भरपाई ही आणखी निराळी. धर्म, जात वा जमात न पाहता सर्वांना खुला असलेला फौजदारी संहितेतील मार्ग पूर्वी १२५ व्या कलमात होता; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. हा अर्ज पत्नी जेथे राहते तेथील न्यायदंडाधिकाऱ्यापुढे करता येतो. घटस्फोटाचा अर्जही २००३ पासून तिला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयात करता येतो. वकील लावण्याची ऐपत नसली तरी अडत नाही, कारण १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत लागावा, असेही २००१ च्या दुरुस्तीने लिहून ठेवले आहे.

या साठ दिवसांचे काय होते, हे नागपूरच्या एका दांपत्याच्या प्रकरणावरून दिसते. पत्नीने २ सप्टेंबर २०१३ रोजी तेथील कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. अंतरिम पोटगीचा हुकूम झाला २४ ऑगस्ट २०१५ रोजी : पत्नीला दरमहा १५,००० रुपये, मुलाला प्रथम ५,००० व पुढे १०,०००. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेला आणि २०१८ मध्ये हरला. मग तो दिल्लीला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला तेव्हा अर्जाला सात वर्षे उलटून गेली होती, आणि तान्हे मूल शाळेत जाऊ लागण्याच्या वयाचे झाले होते. नागपुरात स्वतंत्र कौटुंबिक न्यायालय आहे, खंडपीठ आहे, वकिलांची वाण नाही. तेथे ही कथा, तर किनवटच्या बाईने कोणत्या दिवसाची वाट पाहावी?

त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी सर्व देशासाठी नियम घालून दिले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढावा. आणि दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, कर्जे व खर्च यांचे प्रतिज्ञापत्र आरंभीच दाखल करावे. या प्रतिज्ञापत्राचे नमुने एकाहून अधिक आहेत. पगारदार आणि व्यापारी यांच्यासाठी एक, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी दुसरा. दुसऱ्यात जमीन किती, तिच्यात स्वतःचा हिस्सा किती, ती बागायत की कोरडवाहू, पिके कोणती, बटाईने किती घेतली, गुरेढोरे किती आणि त्यांपासून मिळकत काय, असे प्रश्न आहेत. दिल्लीच्या न्यायासनाला खेड्यातील गोठ्याची आठवण राहिली, याबद्दल आम्हाला समाधान वाटले. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला, खालची न्यायालये हे नियम पाळत नाहीत असे नमूद करून निकालाच्या प्रती पुन्हा सर्वत्र धाडाव्या लागल्या. आज्ञा एकदा द्यावी आणि तीन वर्षांनी तिची आठवण द्यावी, हा आपल्या राज्यकारभाराचा जुनाच प्रघात आहे.

मराठवाड्यात या प्रश्नाची खरी गाठ नवऱ्याच्या उत्पन्नापाशी आहे. नोकरदाराचा पगार कागदावर असतो. तो लपवणे कठीण. शेतकरी नवरा मात्र कोर्टात उभा राहून सांगतो की, जमीन वडिलांच्या नावावर आहे, पाऊस पडला नाही, आपण मजुरी करतो. दुष्काळ आणि अतिवृष्टी आलटून पालटून सोसणाऱ्या या प्रदेशात हे सांगणे नेहमीच खोटे असते असे नाही, आणि कर्जाने पिचलेल्या माणसाकडून पोटगी वसूल करणे हेही सुखाचे काम नाही. म्हणूनच खरे आणि खोटे निवडण्याचे साधन हवे. ते साधन आज सरकारच्याच दप्तरात पडून आहे. सातबारा आणि आठ-अ संगणकावर मिळतात. ई-पीक पाहणीत २०२१ पासून पेरा नोंदला जातो. हमीभावाने कापूस घालायचा तर सातबारा द्यावा लागतो आणि पैसे बँकेच्या खात्यात येतात. पीकविम्याची भरपाई खात्यात येते. केंद्राच्या शेतकरी सन्मान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये खात्यात येतात आणि ते जमीनधारकालाच मिळतात. सन्मान निधीचा हप्ता घेणारा गृहस्थ कोर्टात स्वतःला भूमिहीन म्हणवतो, तेव्हा त्याचे खोटे पकडण्यासाठी फार मोठ्या कायदेपंडिताची गरज नसते. तहसील कचेरीतून एक उतारा मागवला तरी पुरे. तो उतारा मागवण्याचे काम मात्र अर्जदार बाईवर टाकू नये. सासरच्या गावच्या तलाठ्याकडे जाऊन नवऱ्याच्या जमिनीचे कागद काढणे तिला किती सोपे असेल, हे खेडे पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

हुकूम मिळाल्यावर वसुलीचा दुसरा अध्याय सुरू होतो. थकलेल्या पोटगीबद्दल न्यायदंडाधिकारी वॉरंट काढू शकतो आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतो. कैद भोगली म्हणजे देणे फिटले असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले आहे. परंतु वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत ज्या बाईला कोणी सांगितली नाही, तिची जुनी थकबाकी या वॉरंटच्या वाटेने मिळत नाही. शिवाय नवरा कामाला तेलंगणात गेला की वॉरंट “इसम मिळून आला नाही” अशा शेऱ्यासह परत येते आणि तारीख पडते.

यावर एक उपाय २५ व्या कलमातच लिहिलेला आहे, आणि वकीलमंडळी त्याचा जेवढा उपयोग करावयास हवा तेवढा करीत नाहीत, अशी आमची तक्रार आहे. कायमची पोटगी देताना न्यायालयाला त्या रकमेचा बोजा नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर ठेवता येतो. सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढतो, हे गावातील प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि तो बोजा असता जमीन विकताना काय अडचण होते हेही ठाऊक आहे. सोसायटीचे देणे जर सातबाऱ्यावर बसते, तर बायकोचे देणे का बसू नये? माणूस परमुलखात पळू शकतो, जमीन पळत नाही. अर्थात वडिलांच्या नावावरच्या जमिनीला हा उपाय पुरा पडत नाही. तेथे वडिलोपार्जित मिळकतीतील मुलाचा हिस्सा शाबीत करण्याची लढाई वेगळी लढावी लागते. तरीही ज्याच्या नावावर दोन एकर आहेत त्याच्यापुरता तरी तो आजच लागू पडतो, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

नव्या कायद्याची वाट पाहून काय हाती लागते, हेही आपण पाहिले आहे. पत्नीला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा देऊ पाहणारे विवाहकायदा दुरुस्तीचे विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये संमत केले. लोकसभा विसर्जित झाली आणि ते बुडाले. इंग्लंडमध्ये १९७३ च्या कायद्याने न्यायाधीश घर, ठेवी यांची वाटणी करून देतो. तितके दूर तरी कशाला? शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीने, दुसरा करार केला नसेल तर, पतिपत्नींची मिळकत निम्मी-निम्मी धरली जाते. इस्लापूरच्या शेतात वीस वर्षे कापूस वेचलेल्या बाईला त्या शेताचे निम्मे सोडा, बांधही मिळत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा काही नवऱ्यांनी आपण होऊन बायकोचे नाव जमिनीला लावले. ते त्यांच्या मनाचे औदार्य होते. सर्वांच्या औदार्यावर कायदा सोडता येत नाही.

किनवट भागाची आणखी एक गोष्ट शहरी वाचकांना क्वचितच ठाऊक असेल. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, असे त्याच्याच दुसऱ्या कलमात म्हटले आहे. या तालुक्यात गोंड, कोलाम, आंध यांची वस्ती मोठी आहे. त्यांचे विवाह आणि काडीमोड रूढीने चालतात. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो म्हणून त्याला हा कायदा लागू; तोच समाज सीमेपलीकडे आदिलाबादकडे अनुसूचित जमात आहे, म्हणून तेथे तो लागू नाही. सोयरीक दोन्हीकडे होते. अशा लग्नात भांडण झाले तर कोणत्या कलमाखाली जावे, हा प्रश्न नांदेडच्या वकिलालाही क्षणभर थांबवील. तेथे १४४ वे कलम हाच निर्वेध रस्ता राहतो. मुसलमान घटस्फोटित स्त्रीलाही तो खुला आहे, हे १९८५ च्या शाहबानो निकालापासून वादात राहिले होते. तेलंगणातून आलेल्या प्रकरणात १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा निःसंदिग्धपणे सांगितले.

आणि पंचांपुढे मुद्रांकाच्या कागदावर जी सोडचिठ्ठी लिहिली जाते, तिच्यात “पोटगी मागणार नाही” असे वाक्य बहुधा घातलेले असते. त्या वाक्याला न्यायालये सहसा किंमत देत नाहीत. अंगठा उठवणाऱ्या बाईला मात्र ते वज्रलेप वाटते. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित सुमारे १३ लाख ६० हजार आणि नुसतेच विभक्त सुमारे ३५ लाख मोजले गेले. यांतील किती जणी असल्या वाक्याला भिऊन कोर्टाची पायरी चढल्या नाहीत, ते कोणत्याही जनगणनेत येणार नाही. तालुका विधी सेवा समितीने इस्लापूरच्या बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडून हे वाक्य खोटे आहे, वसुलीला एक वर्षाची मुदत आहे आणि वकील फुकट मिळतो, एवढे तीन मुद्दे जरी महिन्यातून एकदा मोठ्याने सांगितले, तरी पुष्कळ काम होईल. जिल्हा न्यायालयाने आपल्या हाताखालील न्यायालयांत शेतीच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना मराठीत छापून ठेवला आहे की नाही, याची चौकशी नांदेडच्या वकील संघाने येत्या महिन्यात करावी.