अल्ब्युमिनचा अर्थ

रक्तपेशी वगळता उरणाऱ्या रक्तद्रवातील प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक वाटा अल्ब्युमिनचा असून ते यकृतात तयार होते. रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवणाऱ्या प्रथिनजन्य परासरण दाबाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग ते पुरवते, म्हणून ते फार घटले की पायांवर सूज येते; शिवाय मेदाम्ले, बिलिरुबिन हे पित्तातील रंगद्रव्य आणि वॉरफरिनसारखी औषधे तेच वाहून नेते.

यकृताच्या सिऱ्होसिसमध्ये त्याची निर्मिती मंदावते, नेफ्रॉटिक विकारात ते लघवीवाटे निसटते आणि तीव्र जंतुसंसर्गात केशवाहिन्यांतून पाझरते. त्यामुळे अल्ब्युमिन कमी म्हणजे कुपोषण, हा सर्रास काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे आणि अशक्तपणावर त्याची महागडी बाटली शिरेतून देण्याचा आग्रह तर अधिकच चुकीचा आहे. १९४०च्या दशकात एडविन कोन यांच्या पद्धतीने ते रक्तद्रवातून वेगळे काढता येऊ लागले आणि युद्धातील जखमींना त्याचा आधार मिळाला; तरीही २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अतिदक्षता विभागांतील सुमारे ७,००० रुग्णांवरील चाचणीत सलाइनच्या तुलनेत त्याने मृत्यू घटवल्याचे दिसले नाही. सिऱ्होसिसच्या रुग्णाच्या पोटातील पाणी मोठ्या प्रमाणात काढताना मात्र ते आवश्यक ठरते.

मधुमेहात मूत्रपिंडाच्या हानीची चाहूल लघवीत उतरणाऱ्या अल्पशा अल्ब्युमिनमधून, कोणताही त्रास जाणवण्याच्या कितीतरी आधी लागू शकते आणि तेव्हा उपचारांना वाव असतो. मधुमेही वाचकांनी ही साधी तपासणी दरवर्षी अवश्य करून घ्यावी.