व्यापारी जहाजावरची तोफ

व्यापारी जहाजावर तोफ चढली की ते व्यापारी राहते काय? प्रश्न वकिली वाटतो. पण त्याच्या उत्तरावर खलाशांचे प्राण अवलंबून असतात. हॉलंडने पाव शतकाच्या अंतराने याची दोन उलट उत्तरे दिली, म्हणून तो दाखला मला मोलाचा वाटतो.

पहिल्या महायुद्धात हॉलंड तटस्थ होते. तोफ बाळगणारे परकीय व्यापारी जहाज म्हणजे युद्धनौकाच, असे मानून डच सरकारने अशा जहाजांना आपली बंदरे बंद केली. तटस्थता चोख ठेवली तर आपल्या वाटेला कोणी जाणार नाही, ही आशा. ती फोल ठरली. १६ मार्च १९१६ रोजी 'ट्यूबान्शिया' हे दिव्यांनी उजळलेले डच प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने पाणतीर मारून बुडवले. मार्च १९१८ मध्ये अमेरिका व ब्रिटनने आपल्या बंदरांतली डच जहाजे सरळ ताब्यात घेतली. एकाने बुडवायचे, दुसऱ्याने उचलून न्यायचे!

मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड गिळले. सरकार लंडनला गेले आणि जगभर विखुरलेला व्यापारी ताफा दोस्तांच्या कामी लागला. खलाशांवर सागरी सेवेची सक्ती झाली. जहाजांवर तोफा चढल्या.

त्या तोफांचे मोल ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात दिसले. 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला रॉयल इंडियन नेव्हीची चिमुकली 'बेंगाल' होती. समोर दहा-दहा हजार टनांची दोन सशस्त्र जपानी जहाजे. 'ओंडिना'वर चार इंची एकच तोफ, गोळे मोजके. तरी त्या झुंजीत 'होकोकू मारू' स्फोट होऊन बुडाले. 'ओंडिना'चे गोळे संपले, कप्तान विलेम होर्समन मारले गेले, होड्यांत उतरलेल्या खलाशांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. शत्रू गेल्यावर उरलेले लोक पुन्हा जहाजावर चढले आणि त्यांनी ते ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला नेले.

यावरून तोफेचे गोडवे गाणे सोपे आहे. पण तोफ आली की शत्रूला इशाऱ्याविना हल्ला करण्याचे निमित्तही मिळते. खलाशांना आधी सुरक्षित जागी पोचवा, मगच व्यापारी जहाज बुडवा, असे पाणबुड्यांना बजावणारा १९३६ चा लंडनचा करार होता. तोफेसरशी त्याचे कवच पातळ होते. मात्र 'ट्यूबान्शिया'वर तोफ नव्हती. तिला तरी कोणी इशारा दिला? म्हणून १९४० नंतरचा डच निर्णय मला योग्यच वाटतो.

माझे म्हणणे त्यापुढचे आहे. ज्याच्या जहाजावर राज्य तोफ चढवते, त्याला ते सैनिकाची जोखीम देत असते. मग मान, वेतन आणि कुटुंबाची हमीही सैनिकाचीच हवी. डच राजघराण्याने १९४३ मध्ये जन्मलेल्या राजकन्या मार्ग्रीतचे धर्मपालकत्व व्यापारी नाविकांना दिले, आणि १९५७ मध्ये तिच्याच हस्ते रॉटरडॅमला त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. हे सुंदरच, पण स्मारकावर विधवेची चूल पेटत नाही.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा त्या वाटेने जाणाऱ्या कित्येक जहाजांवर आपले भारतीय खलाशी होते. जहाजांवर शस्त्रे हवीत की नकोत, हा वाद त्यांच्याही जिवाचा आहे. शस्त्र द्यायचे तर जरूर द्यावे. पण त्यामागचा माणूस पडला तर त्याच्या घरच्यांचे कोण पाहणार, हे आधी कागदावर लिहून द्यावे.