वेग वाढला, भजन तुटलेच

आमच्या घरी दर गुरुवारी भजन असते. गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणारी आमची आत्या ते हुबळीहून मोबाईलवर ऐकते. गेल्या पावसाळ्यात ऐन रंगात आवाज तुटू लागला आणि "पुढं काय म्हटलं रे?" असा तिचा फोन येऊ लागला. इंटरनेटवाल्याकडे तक्रार केली. उत्तर आले, "मोठा प्लॅन घ्या." बाबांनी 40 मेगाबिटचा 100 चा केला. बिल वाढले, भजन तुटतच राहिले.

माझे म्हणणे एवढेच, की असा सल्ला मानण्याआधी आपण साधे त्रैराशिक तरी मांडावे. बऱ्यापैकी आवाजाला सेकंदाला 128 किलोबिट पुरतात. 40 मेगाबिट म्हणजे त्याच्या तीनशेपट! पाठवण्याचा वेग काही प्लॅनमध्ये कमी असतो हे खरे, पण आमचा मोजला तो पुरून उरणारा होता. रोजकीर्द न तपासता नवे कर्ज काढणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणू?

राउटर पुढच्या खोलीत, भजन देवघरात, मध्ये दीड हात जाडीची दगडी भिंत. देवघरातल्या संगणकावरून राउटरलाच 'पिंग' केले, म्हणजे हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजले. कधी 3 मिलिसेकंद, कधी 300, कधी उत्तरच नाही. म्हणजे दोष कंपनीच्या तारेत नव्हे, आमच्याच घरात होता! वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. आमच्या गल्लीत राउटर मात्र घरटी एक. 5 गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण जाड भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो. फाईल उतरवताना ही अडखळ कळत नाही, कारण हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येतो. थेट आवाजाला तेवढी सवड नसते.

मग पंधरा मीटर केबल आणली. आजीने देवघराच्या भिंतीला भोक पाडू दिले नाही (तिचे बरोबरच होते), म्हणून ती झरोक्यातून नेली. पिंग 1 मिलिसेकंदावर स्थिरावला. तरी पुढच्या गुरुवारी आवाज एकदा गेलाच. धाकट्या भावाचा मोबाईल सहलीचे सारे फोटो वर चढवत होता आणि आवाजाची पाकिटे त्या रांगेमागे खोळंबली होती. राउटरमध्ये त्याच्या मोबाईलला मर्यादा घातली. भाऊ अजून रुसलेला आहे. बाबा मात्र जुन्या प्लॅनवर परतले, आणि आत्याचा फोन आता येतो तो तबला उतरल्याचे सांगायला.

राउटर कोठे ठेवला आहे, हे आम्हाला एकदाही कोणी विचारले नाही. का विचारावे? आकडा बिलावर छापता येतो, झरोका छापता येत नाही.

यंदा स्नेहसंमेलनातील गायन थेट ऐकवण्याचे घाटते आहे, असे कानावर येते. त्या मंडळींनी वर्गणी काढण्याआधी सभागृहाच्या रंगमंचापर्यंत केबल पोचते का, ते एकदा पाहून यावे.