आरोग्यचर्चा : विजेचें औषध आणि घरचें औषध

आमच्या घरांतील थोरल्या सूनबाईंचा उजवा कोपर गेल्या पावसाळ्यांत दुखूं लागला. डॉक्टरांनीं दुखण्याचें नांव ‘टेनिस एल्बो’ असें सांगितलें, तेव्हां घरांत हंशा पिकला. कारण बाईंनीं जन्मांत कधीं रॅकेट हातीं धरली नव्हती! पण हसण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें. मनगट मागें वळविणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरील बाजूस हाडाला जेथें चिकटते, तेथें ती वारंवारच्या ताणानें झिजते. सचिन तेंडुलकर यांना याच दुखण्यासाठीं २००५ सालीं लंडनला शस्त्रक्रिया करवून घ्यावी लागली. तेथें बॅटीनें जें केलें, तेंच आमच्या घरीं रोजच्या कपड्यांच्या पिळ्यानें केलें.

डॉक्टरांनीं विजेच्या साहाय्यानें औषध देण्याचा उपाय सुचविला. सुई न टोंचतां औषध कातडींतून आंत जातें, हें वडील मंडळींस खरें वाटेना. वस्तुतः यांत जादू कसलीच नाहीं. डेक्सामेथासोन फॉस्फेट या सूज उतरविणाऱ्या औषधाचे कण पाण्यांत ऋण विद्युद्भार धारण करतात. त्या द्रावणानें भिजविलेली पट्टी दुखऱ्या जागीं ठेवून तिला विजेचें ऋण टोंक जोडतात, व धन टोंकाची दुसरी पट्टी थोड्या अंतरावर लावतात. सजातीय भार एकमेकांस दूर लोटतात, हें शाळकरी मुलेंहि जाणतात. त्याच न्यायानें औषध कातडीखालीं ढकललें जातें. चार मिलिअँपिअरचा मंद प्रवाह दहा मिनिटें, म्हणजे ४० मिलिअँपिअर-मिनिटें, ही नेहमींची एक मात्रा. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तेफान लेद्यूक यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच सशांवर प्रयोग करून द्रव्यें या रीतीनें शरीरांत शिरतात हें दाखविलें होतें. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसविला आहे, त्यांनीं मात्र या वाटेस जाऊं नये.

मग गुण येतो काय? येतो, परंतु किती, हें नीट समजून घ्यावें. अमेरिकेंत १९९ रोग्यांवर केलेल्या व २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत कांहींना खरें औषध व कांहींना औषधाविना द्रावण दिलें. उपचार संपल्यावर दोन दिवसांनीं औषध घेतलेल्यांची वेदना अधिक उतरली होती. महिन्याभरानंतर दोहोंत लक्षांत घेण्याजोगा फरक उरला नाहीं. कारण जुन्या दुखण्यांत सूज थोडी, झीजच फार. ती झीज काळानें, क्रमाक्रमानें वाढविलेल्या व्यायामानें व हातावरील भार हलका केल्यानें भरून येते.

म्हणून आमचें सांगणें रोग्यापेक्षां घराला अधिक आहे. सूनबाईंना तिसऱ्या मात्रेनंतर आराम वाटला, आणि दुसऱ्याच दिवशीं त्या पुन्हां बादलीपाशीं बसल्या. कुणीं त्यांना उठविलें नाहीं, आम्हींहि नाहीं. आठवड्यांत दुखणें मूळपदावर आलें! डॉक्टर विजेचा प्रवाह देऊं शकतो, विश्रांति देऊं शकत नाहीं; ती घरानेंच द्यावयाची असते, हें तेव्हां आम्हांस उमगलें. आतां चादरी धाकटे दीर पिळतात, कणीक आम्ही स्वतः तिंबतों, आणि भरलेलें पातेलें बाईंनीं उचलावयाचें नाहीं असा दंडकच आहे. पहिले कांहीं दिवस पोळ्या वातड झाल्या. त्या सर्वांनीं निमूटपणें खाल्ल्या. डॉक्टरांच्या सहा मात्रांना घरची ही सातवी मात्रा मिळाली, तेव्हांच सूनबाईंचा कोपर सुधारूं लागला.