सहलीत एक कुरकुऱ्या हवाच

जुन्या पुणेकराचं उन्हाळ्याबद्दल एक ठाम मत असतं: पूर्वी असं ऊन नव्हतं. पूर्वी पंखे लागत नसत, रात्री गच्चीवर शाल घेऊन झोपावं लागे, वगैरे वगैरे. वेधशाळेची नोंद मात्र वेगळं सांगते. पुण्याचं आजवरचं सर्वाधिक तापमान, ४३.३ अंश सेल्सिअस, नोंदलं गेलं ते ३० एप्रिल १८९७ रोजी. हा आकडा मी मोठ्या विजयाने आमच्या थोरल्या साडूंना ऐकवला. ते क्षणभरही न थांबता म्हणाले, "त्या साली पुण्यात प्लेग होता हो. उन्हाकडे बघायला फुरसत होती कुणाला?"

अशा माणसाबरोबर मी उन्हाळ्याच्या सहली करतो.

साडू हे नातं मजेशीर आहे. बहीण, भाऊ, मामा, आत्या ही माणसं जन्माने मिळतात, मित्र आपण निवडतो. साडू मात्र दोन बहिणींना एकत्र फिरायला जायचं असतं म्हणून मिळतो. बायको म्हणते, "ताई येतेय." ताई म्हणते, "हे पण येतील." आणि 'हे' येतात. 'हे' पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे भिंत दिसली की ओल कुठे आली आहे, रस्ता दिसला की पाणी कुठे तुंबेल आणि माणूस दिसला की तो काय चुकतो आहे, हे त्यांना सगळ्यात आधी दिसतं. सकाळी सहाला निघायचं ठरवलं तर "एवढ्या पहाटे काय दूध घालायला जायचंय का?" आणि आठला निघायचं म्हटलं तर "मग उन्हातच भाजायचं असेल तर जाऊ." पण हा गृहस्थ सहाला पाच कमी असताना गेटपाशी हजर. डोक्यावर टोपी, खांद्यावर पाण्याची बाटली, काखेत घडीची खुर्ची. नको म्हणायचं आणि सगळ्यांच्या आधी तयार व्हायचं, अशी त्यांची रीत आहे.

उन्हाळी सहल म्हटली की पुणेकराची गाडी आपोआप सिंहगडाकडे वळते. साडूंची कुरकुर घाटाच्या पायथ्यालाच सुरू होते. "पुणं साडेपाचशे मीटरवर, गड तेराशेवर. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरा. म्हणजे वर पाचेक अंशांनी गार पाहिजे. त्यातले तीन ही गर्दी खाणार." वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा भजी असा जामानिमा मांडला जातो. साडू प्रत्येक पदार्थाला नाक मुरडतात. भाकरी जाड आहे, ठेच्यात मीठ जास्त आहे, भजीचं तेल कालचं आहे. मडक्यातलं दही आलं की मात्र त्यांचा आवाज बंद होतो. चमच्याने मडक्याचा तळ खरवडून झाला की ते तोंड पुसतात आणि निकाल देतात, "वाईट नाही." एवढं म्हणून ते दुसरं मडकं मागवतात. त्यांच्या कोशात याच्या वरचा शब्द नाही.

तानाजी कड्यावर ते नेहमी कुणाचा तरी विरस करतात. कुणी कौतुकाने मुलांना घोरपडीची गोष्ट सांगत असतो, साडू शेजारून म्हणतात, "समकालीन कागदांत घोरपड नाही. १६७० साली माणसं दोर लावून चढली, ती काय कमी आहेत?" त्या बापाचा चेहरा पडतो, मुलांना मात्र हा काका आवडतो. मग परत फिरताना सगळ्यांना थांबवून ते राजाराम महाराजांच्या समाधीकडे नेतात. "इथे कुणी थांबत नाही," असं पुटपुटत. १७०० साली राजाराम महाराजांनी याच गडावर देह ठेवला. जिंजीचा वेढा सोसून आलेला छत्रपती इथे विसावला आहे, आणि आपण समोरून ताक पीत निघून जातो, ही त्यांची तक्रार. मी गडावर पूर्वीही अनेकदा आलो होतो. समाधीपाशी दोन मिनिटं उभा राहिलो तो या तक्रारीमुळेच.

उतरताना खडकवासल्याची चौपाटी लागते. भाजलेल्या कणसांचा वास, गाड्यांचे हॉर्न, धरणाच्या काठावर बसलेलं निम्मं पुणं. बायका पाय मोकळे करायला उतरतात आणि साडू घडीची खुर्ची उघडून तिच्यावर बसतात. मग आकडे सुरू. "चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी. वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१. आणि हे खडकवासलं, १.९७. चौघांत धाकटं. पण मिरवायला लोक येणार याच्याच काठी." हे आकडे सगळ्या पुण्याने रोज पेपरात वाचलेले असतात. ते पाण्याकडे बघत म्हणून दाखवणारा मात्र एखादाच. १२ जुलै १९६१ला बांधकाम अपुरं असलेलं पानशेत फुटलं, तो लोंढा खडकवासल्याला झेपला नाही, तेही त्याच दिवशी गेलं. पुरात नदीकाठच्या पेठा बुडाल्या आणि मग तेच शहर प्यायच्या पाण्याला महाग झालं. हे सांगताना साडूंचा नेहमीचा तिरकस सूर नसतो. एकदा एका पोराने भेळ संपवून कागदाची डिश पाण्यात भिरकावली. साडू खुर्चीतूनच म्हणाले, "टाक, टाक. परवा तुझ्याच नळाला येईल." पोराने मुकाट्याने खाली उतरून डिश उचलली. शहरभर लावलेल्या सूचनांच्या पाट्यांनी एवढा परिणाम साधल्याचं मी पाहिलेलं नाही.

दुसरी आमची ठरलेली वाट बोपदेव घाटाची. कोंढव्यातून वर चढलं की पलीकडे पुरंदर तालुका सुरू होतो आणि बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथांचं देऊळ आहे. इथल्या गाभाऱ्याचं दार म्हणजे जेमतेम एक झरोका. पुरुषांनी अंगातला सदरा आणि कमरेचा पट्टा उतरवायचा, जमिनीवर आडवं व्हायचं आणि सरपटत आत जायचं. अभियंता साहेबांनी झरोक्याकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "हे दार मंजूर कुणी केलं?" पुढे काही बोलायच्या आत ताईंनी त्यांचा शर्ट हातात घेतलाही होता. ते गेले, आणि आतून आवाज आला, "येताना डोकं आधी की पाय आधी, हे कुणी सांगितलं नाही!" बाहेर रांगेतल्या लोकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी सल्ले दिले. बाहेर आल्यावर अंगावरची धूळ झटकत ते म्हणाले, "आत गार आहे." त्यांच्या हिशेबाने हे जवळजवळ स्तोत्र झालं.

महाराष्ट्रात कुठेही उन्हातान्हात रसवंतीगृह दिसलं की पाटीवर कानिफनाथ नाही तर नवनाथ का असतात, याचं मूळ याच डोंगराखाली आहे. दुष्काळाला वैतागून या भागातली माणसं पोटासाठी बाहेर पडली, गावोगावी उसाच्या रसाचे चरक लावले आणि पाटीवर आपल्या देवाचं नाव घातलं. ही माहितीही साडूंनी तक्रार म्हणूनच दिली: "साऱ्या महाराष्ट्राला रस पाजला यांनी, आणि ऊस काय, यांच्या शेतात प्यायला पाणी नव्हतं." रसाच्या बाबतीत त्यांचं व्रत कडक आहे. आलं-लिंबू हवं, बर्फ नको, ग्लास आपल्यासमोर विसळलेला हवा. चरकाच्या घुंगरांचा त्यांना त्रास होतो, असं ते म्हणतात. पण हाफ मागवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

पुढे सासवडपर्यंत रस्त्याच्या कडेला अंजिरांच्या टोपल्या दिसतात. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि त्याचा मीठा बहार नेमका उन्हाळ्यात येतो. बायकोने एकदा सीताफळं दिसतात का म्हणून विचारलं. साडू म्हणाले, "मेमध्ये सीताफळ विकणारा भेटला तर त्याच्याकडून दुसरंही काही घेऊ नका." अंजीर मात्र त्यांनी स्वतः निवडून घेतले. देठाशी दाबून, उलटून, विक्रेत्या मावशींशी दहा मिनिटं हुज्जत घालून. मावशी शेवटी वैतागून म्हणाल्या, "आजोबा, लग्न जमवताय की अंजीर घेताय?" आणि दोन अंजीर वर घातले.

त्यांच्या कुरकुरीचं खरं मोल मला कळलं ते मात्र महाबळेश्वरला न गेल्याने. मे महिन्यातला शनिवार, बहिणींना स्ट्रॉबेरी क्रीमचे डोहाळे, आणि साताऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची ही झुंबड. खंबाटकी ओलांडेपर्यंत साडूंनी एवढंच पालुपद लावलं होतं: "पसरणी घाटात रांग असणार. वर जाऊन बघणार काय? पुढच्या गाडीची नंबर प्लेट. आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम संपलाय, ती फ्रीजरमधली असणार." वाई येईपर्यंत आम्ही इतके कंटाळलो की गाडी मुकाट्याने गावात घातली. ढोल्या गणपतीला हात जोडले आणि तिथून जवळच मेणवलीला गेलो.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि वाड्यामागे कृष्णेचा चंद्रकोरीसारखा घाट. 'स्वदेस' चित्रपटामुळे तो अनेकांच्या ओळखीचा आहे, तरी त्या दिवशी तिथे आमच्याशिवाय चार-दोनच माणसं होती. घाटावर एका लहान देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. ती १७०७ सालची, पोर्तुगिजांची. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकल्यावर लुटीत आलेली. वसईच्या चर्चमधली घंटा कृष्णाकाठी शंकराच्या शेजारी लटकते आहे, आणि गावातल्या कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. साडू त्या घंटेपेक्षा पायऱ्यांवर जास्त रमले. गुडघ्यावर बसून त्यांनी दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवलं. "दोनशे वर्षांहून जास्त पुरात उभ्या आहेत या. सांधा बघा, नख जात नाही. आमच्या वेळी..." आणि मग आपल्या नोकरीतल्या एका भिंतीची हकिगत सांगितली, ती इथे छापण्यासारखी नाही. पिंपळाखाली बसून आम्ही डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. महाबळेश्वरची आठवण कुणी काढली नाही.

भर मे महिन्यात तर त्यांचं म्हणणं की दुपारी एक ते चार घराबाहेर पडणं हा गुन्हा समजावा. त्यातूनही बाहेर पडावंच लागलं तर त्यांच्याकडे एक जागा आहे: जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. आठव्या शतकातली, अखंड कातळात कोरलेली लेणी, पुढे नंदीचा गोल मंडप, आणि बाहेरच्या वाहतुकीचा कल्लोळ ऐकू येत असतानाही आत सावली. "फुकट आहे, म्हणून कुणी येत नाही," हे त्यांचं निदान. तिथून संध्याकाळी बहिणींच्या आग्रहाने मस्तानी. त्यांच्या मते मस्तानी म्हणजे दूध आणि आइस्क्रीम एकाच ग्लासात घालून दोन्हीचे पैसे घेण्याची युक्ती. ही युक्ती ते चमच्याने शेवटच्या थेंबापर्यंत तपासून बघतात.

आनंदी सहप्रवासी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना सगळंच मस्त वाटतं. गड मस्त, तळं मस्त, वडापाव मस्त. फोटो काढून झाला की त्यांचं बघून झालेलं असतं, आणि महिन्याने विचारलं तर कुठल्या गडावर गेलो होतो तेही फोनमध्ये शोधावं लागतं. नाव ठेवायला मात्र आधी नीट बघावं लागतं. भाकरी जाड आहे हे कळायला ती लक्ष देऊन खावी लागते. समाधीपाशी कुणी थांबत नाही हे कळायला आपण थांबावं लागतं. जो माणूस एखाद्या जागेबद्दल इतकी तक्रार करतो, त्याला ती जागा आहे त्याहून चांगली असायला हवी असते. तेवढी आपुलकी 'मस्त' म्हणणाऱ्याकडे नसते.

अर्थात सगळेच कुरकुरे नेण्यालायक नसतात. वेळेवर येणारा असावा. खर्चाचा वाटा न मागता काढणारा असावा. त्याची नाराजी रस्ता, ऊन, चहा आणि सरकार यांच्यावर असावी. गाडीतल्या माणसांवर नसावी. आणि नेताना एकच न्यावा. दोन नेले तर ते एकमेकांशी सहमत होतात, आणि मग सगळेच घरी बसतात.

मृग लागला की डोंगराच्या वाटा गर्दीने आणि चिखलाने भरतील. त्याआधी एखादा रविवार काढा. आपल्या नात्यागोत्यात असा एक माणूस असेलच, त्याला फोन करा. तो नको म्हणेल, तरी घ्यायला जा. तो तयार असेल. आणि गाडीत पुढची, खिडकीची जागा त्यालाच द्या. मागे बसवलंत तर तेवढ्यावरून दिवसभर ऐकावं लागेल.